फोटोच्या उजव्या कोपऱ्यातली वाडी

घरात अंडं आलं की आई ते आधी उन्हाकडं धरून बघायची. कोंबडी आमचीच, खुराडंही आमचंच, तरी बघायची. दुकानातून गूळ आणला की खडा जिभेवर ठेवून डोळे मिटायची, आणि तिचा निकाल लागेपर्यंत गूळ आणणाऱ्यानं, म्हणजे बहुतेक वेळा मी, दारात उभं राहायचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तऱ्हा निराळी. ते बोलायचे काही नाहीत, समोरच्याचं ऐकता ऐकता हनुवटी खाजवायचे. हनुवटीकडं हात गेला की समजायचं, ह्या माणसाचं म्हणणं आबांना पटलेलं नाही. खाण तशी माती म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरं आहे. आजही ऑफिसात कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मी आधी मनात म्हणते, ह्याला माझ्याकडून काहीतरी हवंय. परवा आईनं फोनवर विचारलं की हल्ली रोज संध्याकाळी मी काय लिहीत बसते. लहानपणचं लिहितेय म्हटल्यावर म्हणाली, अजून चाळिशी गाठली नाहीस आणि कसलं गं आत्मचरित्र, आमच्याबद्दल काय लिहिलंयस ते आधी वाचून दाखव. मी अजून दाखवलेलं नाही.

तसं बघितलं तर आमच्या कुरवंडे गावात माणसाला थोडं संशयी असावंच लागतं. पावसाळ्याचे चार महिने गावावर असं धुकं उतरतं की आपलाच हात लांब केला तर बोटं पुसट होतात. नागफणीच्या कड्याकडून ते वर येतं आणि घराघरांतून फिरतं. चुलीचा धूर कुठला आणि धुकं कुठलं ते कळत नाही, भाकरी थापल्याचा आवाज शेजारच्या घरातला असला तरी आपल्याच चुलीशी कुणी बसलंय असं वाटतं. म्हणून गावात एक रीत होती. धुक्यातून चालताना पुढं पावलं वाजली की थांबायचं आणि 'कोन हाय?' म्हणून विचारायचं. समोरच्यानं आपलं नाव सांगायचं, कुणाचा कोण ते सांगायचं, मगच दोघांनी पाय उचलायचे. हाक ऐकूनही जो नाव सांगत नाही तो एक तर चोर, नाहीतर माणूसच नव्हे, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. शाळेतून येताना आम्ही पोरं मुद्दाम गप्प राहून एकमेकांना घाबरवायचो, आणि ते घरी कळलं की मार बसायचा. बाकीच्या खोड्यांना आई शिव्या देऊन सोडायची, ह्या एका खोडीला नाही.

बारावीनंतर मी लोणावळ्याला बाजारपेठेतल्या एका माडीवर वेबसाईट बनवण्याच्या क्लासला जायला लागले. आत्याच्या मुलानं नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना मला दिला. त्याचं झाकण धड उघडं राहायचं नाही, मागं पाटा उभा करून ठेवावा लागायचा. आईचा त्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून डोळा होता. मी पडवीत भिंतीला पाठ लावून बसले की ती कुळीथ निवडायच्या निमित्तानं शेजारी येऊन बसायची आणि तिरकं बघायची. कुणा मुलाशी बोलते की काय, एवढीच तिला शंका. पडद्यावर नुसत्या कंसांच्या आणि आकड्यांच्या ओळी दिसल्या तरी तिचं समाधान होत नसे. लपवायचं नसतं तर साध्या मराठीत लिहिलं असतं, असं ती आबांना म्हणाली होती.

क्लासात मी एरवी मागच्या बाकावरची. पण सरांनी पानाच्या मागच्या रंगाचा धडा घेतला तेव्हा पहिल्यांदा माझी मान वर झाली. रेडिअल ग्रेडियंट म्हणजे एका बिंदूपासून सगळीकडं पसरत जाणारा रंग. कंसात आधी मध्य कुठं ते लिहायचं, डावीकडून किती टक्के आणि वरून किती टक्के. मग आतला रंग, तो कुठपर्यंत टिकावा ते, मग बाहेरचा रंग आणि तो कुठं पुरा व्हावा ते. बाकीची मुलं मध्य आणि टक्के ह्यांत अडकली. मला काहीच समजून घ्यावं लागलं नाही. धुक्यात बॅटरी लावून जन्मभर चाललेल्या मुलीला जवळचं स्वच्छ आणि लांबचं विरत गेलेलं हे कुणी शिकवायचं? सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दोन्ही रंगांचे टक्के सारखेच ठेवले तर वर्तुळाची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते आणि बघणाऱ्याची नजर तिथंच जाते. टक्के एकमेकांपासून लांब ठेवले तर एक रंग कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही. मला ते फार आवडलं. घरी येऊन मी आईला हौसेनं दाखवलं. ती म्हणाली, विरलेल्या लुगड्याचं असंच असतं, कुठून फाटणार ते शेवटपर्यंत कळत नाही.

आता दिनूकाकाबद्दल सांगायला हवं. दिनूकाका आबांचा मावसभाऊ, त्यांच्याहून मोठा. लहानपणी खडकावरून पडून आबांचा पाय मोडला तेव्हा ह्याच दिनूदादानं त्यांना पाठीवर घेऊन लोणावळ्याच्या दवाखान्यापर्यंत चालत नेलं होतं. ही गोष्ट आबा इतक्यांदा सांगायचे की वाटेतली झाडंसुद्धा आम्हाला पाठ झाली होती. साऱ्या जगात दिनूकाका हा एकच माणूस असा होता, ज्याच्या बोलण्यावर आबांचा हात हनुवटीकडं जात नसे. काका लोणावळ्यात राहायचा आणि जमिनीचे व्यवहार जुळवायचा. गावाच्या वर आमचा एक माळ होता. तांदूळ तिथं व्हायचा नाही, गवत तेवढं यायचं. तो आणि शेजारचे दोन माळ एकत्र करून बंगल्यांसाठी विकायचे, असं काकानं सुचवलं आणि आबा हो म्हणाले. सह्या व्हायच्या होत्या. आबांची एकच अट होती. माळाच्या पलीकडं डोंगराच्या पोटाला ठाकरांची वाडी आहे. त्या वाडीच्या बाया आमच्या माळावरून आडव्या जाऊन अलीकडच्या कातळातल्या झऱ्याचं पाणी नेतात. उन्हाळ्यात त्यांना दुसरं पाणी नाही. ती वाट तशीच राहिली पाहिजे. काका म्हणाला, राहील. आबांना तेवढं पुरलं.

ठमामावशी त्याच वाडीतली. आठवड्यातून दोनदा ती आमच्याकडं लाकडाची मोळी किंवा रानभाजी घेऊन यायची, पडवीच्या कडेला बसून चहा प्यायची आणि आईशी तासभर बोलायची. पावसाच्या तोंडाला कुर्डूची भाजी, पुढं टाकळा, शेतात पाणी साचलं की चिंबोऱ्या. आई तिनं आणलेली भाजी कधी उलटून बघायची नाही. आमच्या घरात हा फार मोठा मान होता. माझ्या जन्माच्या वेळी दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, सुईण म्हणून हीच मावशी त्याच वाटेनं खाली उतरून आली होती. हे मला ठाऊक होतं, आणि पुढचं मी तरीही केलं.

काकानं बंगल्यांच्या योजनेची वेबसाईट मला करायला सांगितली तेव्हा मी हवेत होते. क्लासातल्या कुणालाच अजून खरं काम मिळालेलं नव्हतं. समोरच्या डोंगरावरून काढलेला एक मोठा फोटो त्यानं दिला. मधोमध आमचा हिरवा माळ, मागं दरी, उजव्या खालच्या कोपऱ्यात वाडीची छपरं, आणि छपरांपासून झऱ्यापर्यंत माळावरून गेलेली पायवाटेची पांढरी रेघ. पानाच्या मागं मी तो फोटो घातला आणि त्याच्यावर ग्रेडियंटचा थर दिला. मध्य माळावर. तिथं काहीच रंग नाही, आरपार, आणि कडेला जाताना गर्द काळपट हिरवा. फोटो एकदम उठला. माळ असा उजळला की आम्ही तिथं गुरं चारतो हे मलाच खरं वाटेना. कोपऱ्यातली छपरं अंधारात गेली हे मला दिसलं. दिसलं, पण छान दिसतंय एवढंच मनात आलं. काकानं मला कडा काळ्या करायला सांगितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला उलटंच सांगत आले.

काका बघून खूश झाला. पाठीवर थाप मारून म्हणाला, पोरीच्या हातात कला आहे. मग जरा पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला की उजवीकडचा काळोख आणखी थोडा आत घे, तिकडं बघण्यासारखं काही नाही. आईच्या मुलीला तेवढं कळायला हवं होतं. पण हे काम झाल्यावर आणखी तीन जणांच्या वेबसाईटी तुलाच मिळवून देतो असंही तो त्याच दमात म्हणाला. मी मध्य जरा डावीकडं सरकवला, बाहेरच्या रंगाचे टक्के कमी केले, आणि पायवाटेची रेघही अर्धीअधिक गेली. कड इतकी मऊ होती की तिथं काही झाकलंय अशी शंका परक्या माणसाला आली नसती.

चार दिवसांनी ठमामावशी आली. आई चुलीपाशी होती. मावशी नेहमीच्या जागी टेकली आणि माझ्या पडद्याकडं बघायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण डोंगर तिला येत होता. फोटो कुठून काढलाय, कुठल्या महिन्यात, गवत किती वाढलंय, सगळं ती आपल्याशीच बोलत होती. दरीवरून बोट फिरवत ती माळावर आली, माळावरून उजवीकडं सरकली आणि काळ्यावर थांबली.

"हितं आमची वाडी पायजे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तितं धुकं हाय, मावशी."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. "धुकं काळं आसतं व्हय, वंदे?"

आई आतून चहा घेऊन आली आणि विषय राहिला. मावशीनं चहा घेतला, भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि निघाली. जन्मात पहिल्यांदा मी त्या बाईशी खोटं बोलले होते, आणि तेही धुक्याबद्दल, जे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्याच दुपारी मी काकानं दिलेला प्लॉटचा नकाशा उघडला. तोही वेबसाईटवर टाकायचा होता आणि मी तो न बघताच टाकला होता. रस्ते होते, प्लॉटचे आकडे होते, भोवती कुंपणाची जाड रेघ होती. पायवाट नव्हती. झऱ्याच्या जागी बाग आणि कारंजं असं लिहिलं होतं. मी काकाला फोन केला आणि वाट कुठं आहे विचारलं. तो हसून म्हणाला, अशा वाटा कागदावर दाखवत नसतात बाळा, त्या समजून घ्यायच्या असतात. कुणी समजून घ्यायच्या, हे मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. आई जास्त बघते, आबा कमी बोलतात, मावशीनं आईला काही सांगितलं असेल, काकानं आबांना काही. आबांना जाऊन सरळ सांगावं असं रोज सकाळी ठरवायची. पण पाठीवरून नेणाऱ्या माणसाविरुद्ध माझा शब्द आबा धरतील का, आणि धरलाच तर 'काळं कुणी केलं' ह्याला काय उत्तर देऊ, इथं गाडी अडायची. शेवटी वाटलं, आधी मावशीला सांगावं. म्हणून एका सकाळी वाडीच्या वाटेला लागले. पाऊस थांबला होता पण धुकं दाट होतं. माळाच्या अर्ध्यात आले आणि समोरून हंडा-कळशीचा आवाज आला.

"कोन हाय?" मावशीचा आवाज.

माझं नाव सांगायची मला लाज वाटली. मी करवंदीच्या जाळीला टेकून श्वास धरून उभी राहिले. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मी गप्प. मग ती म्हणाली, "बरं. जा तुज्या वाटंनं." आणि माझ्यापासून दोन हातांवरून, पाणी डुचमळवत, वाडीकडं निघून गेली. मी तिथंच बसून रडले. चोर नाहीतर माणूसच नव्हे, ह्यातली मी कोण ते मला ठरवता येईना.

त्या रविवारी काका मुंबईची दोन कुटुंबं घेऊन जेवायला येणार होता. त्यांना आधी वेबसाईट आणि मग माळ दाखवायचा, आणि सोमवारी सह्या. आईनं पहाटेपासून चिंबोऱ्यांचा रस्सा लावला होता, घरभर वाटलेल्या खोबऱ्याचा आणि आल्याचा वास होता. मी पडवीत बसून ती एक ओळ उघडली. पुसून टाकली असती तर अख्खा फोटो दिसला असता, कारण खालचा फोटो पूर्ण होता, काळं फक्त वरच्या थरात होतं. पण मला तेवढं पुरेना. मी मध्याचे आकडे बदलले. डावीकडून पंच्याऐंशी टक्के, वरून ऐंशी. वर्तुळ सरकलं. वाडीची छपरं उजेडात आली, एका छपरावर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा, आणि तिथून निघून झऱ्याकडं गेलेली पांढरी वाट. बंगल्यांचा माळ डावीकडं अंधारत गेला. काम तेवढंच, दोन आकड्यांचं. माझे हात मात्र भाकरीचं पीठ मळल्यासारखे दुखत होते.

मंडळी आली, पाटावर बसली, भाकरीचं कौतुक झालं. जेवणं झाल्यावर काकानं मला लॅपटॉप आणायला सांगितलं आणि आबांनाही जवळ बोलावलं. पडदा उघडला. मग त्यातल्या एका बाईंनी विचारलं, ही घरं कुणाची? काका म्हणाला, ती आपल्या हद्दीबाहेरची, चुकून आलीत, पोरगी शिकाऊ आहे. बाईंनी वाटेच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं की मग ही वाट आपल्या हद्दीतून कशी जाते. मी आबांकडं बघत होते. आबांचा हात गुडघ्यावरून उठला आणि सावकाश हनुवटीकडं गेला.

"दिनूदादा," आबा म्हणाले, "वाट दाखव."

"दाखवतो की. चल वर माळावर."

"माळावर म्या रोज बगतो. कागदावर दाखव."

काकानं नकाशा काढला नाही. मी दुसरं पान उघडलं, त्यावर तो होताच. आबांनी तो बराच वेळ बघितला, कारंज्यावर बोट ठेवून मला वाचायला लावलं आणि मग उठून बाहेर जाऊन उभे राहिले. पाहुण्यांना कळलं असावं, ते माळ न बघताच परतले. आबांनी सह्या केल्या नाहीत. जाताना काका दारात माझ्याशेजारी थांबला. त्याचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते मला आजही सांगता येणार नाही. तो हळू म्हणाला, "काळं तूच केलं होतंस, वंदना. मी फक्त बघितलं." खोटं नव्हतं ते. त्याच्या मनात पहिल्यापासून काय होतं, की माझाच काळोख बघून त्याला ते सुचलं, ह्याचा छडा मला लागलेला नाही. आबा त्यानंतर पाय मोडल्याची गोष्ट सांगताना दवाखान्यापर्यंत येऊन थांबतात, कुणी नेलं ते सांगत नाहीत. त्यांचा एकुलता एक विश्वासाचा माणूस मी त्यांच्यापासून तोडला, ह्याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं होतं. मी पुन्हा त्याच वाटेनं निघाले. करवंदीच्या जाळीपाशी हंडा-कळशीचा आवाज आला आणि हाक आली.

"कोन हाय?"

"मी वंदना, किसनची." आणि तेवढ्यावर न थांबता म्हणून टाकलं, "मावशी, वाडीवर काळं म्याच केलं व्हतं. त्ये धुकं नव्हतं."

ती पुढं आली. आधी हंडा दिसला, मग तिचा चेहरा. डोक्यावरची कळशी उतरवून तिनं माझ्या कमरेवर ठेवली.

"ठाव हाय," ती म्हणाली. "त्या दिशी हितं बी तूच व्हतीस. चल, पाय जपून टाक."